हजार वर्षांनंतरचा संगणक, आणि आमच्या माळ्यावरचे पत्ते

जुना माग

मंडळी, नमस्कार.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतली आमची शेड गेल्या आठवड्यात रिकामी केली. माग आधीच विकले होते, पण माळ्यावर तीन पत्र्याच्या पेट्या राहून गेल्या होत्या. उघडल्या तर आत जॅकार्डचे पत्ते. जाड पुठ्ठ्याचे, दोरीनं एकाला एक ओवलेले, घड्या घालून ठेवलेले. सगळ्यात वरच्या पत्त्यावर वडिलांच्या अक्षरात निळ्या पेन्सिलीनं लिहिलंय : 'मोर, मोठा, उजवा'.

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक पत्ता म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा. पत्त्यावर भोक असेल तिथला हूक वर जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचे उभे धागे उचलले जातात. भोक नसेल तिथले धागे खालीच राहतात. मग मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. असे शेकडो पत्ते एकामागून एक फिरले की चादरीवर मोर उतरतो. मी एक पट्टी खिडकीत उजेडाकडे धरली आणि मोराची मान कुठे सुरू होते ते मला नुसत्या डोळ्यांनी कळलं.

त्याच पेटीत एक सीडीही होती. २००६ साली आमच्या डिझायनरनं सगळी डिझाइन्स 'कायमची' जपून ठेवली होती ती. मुलाच्या कॉम्प्युटरला तर सीडीची खाचच नाही. शेजाऱ्यांकडून ड्राइव्ह आणला, पण सीडी वाचली गेली नाही. पत्ते माझ्या अंदाजानं पंचेचाळीस वर्षांचे आहेत.

मुलगा कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्या रात्री जेवताना त्याच्याशी बोलणं निघालं, ते अजून संपलेलं नाही. म्हणून मंचावर हा चर्चेचा धागा. हजार वर्षांनी संगणक कसा असेल असं तुम्हाला वाटतं? पुढच्या दहा वर्षांचं नको, ते रोज पेपरात येतं. हजार वर्षांनंतरचं सांगा.

गणिताची वही

तुमचे पत्ते भंगारात देऊ नका, ही पहिली विनंती.

जॅकार्ड हे माणसाचं नाव. त्यानं पत्त्यांवर चालणारी आपली यंत्ररचना फ्रान्सच्या लियों शहरात १८०४ च्या सुमारास उभी केली. लियोंच्या विणकरांनी पुढे जॅकार्डचंच एक चित्र रेशमात विणलं. त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले होते. ते विणलेलं चित्र इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज यांच्या संग्रही होतं आणि घरी येणाऱ्यांना ते कौतुकानं दाखवत. १८३७ साली त्यांनी ज्या गणनयंत्राची कल्पना मांडली, त्याला हुकूम द्यायला त्यांनी हेच भोकांचे पत्ते योजले होते. १८४३ मध्ये त्या यंत्रावर टिपणं लिहिताना एडा लवलेस यांनी म्हटलं, की जॅकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताच्या आकृत्या विणतं. मी तीस वर्षं गणित शिकवलं. बीजगणिताबद्दल याहून नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. मला यंत्राच्या वेगापेक्षा त्याच्या आयुष्याची काळजी वाटते. सोलापूरकरांना हजार वर्षांचा हिशेब घालायला लांब जावं लागत नाही. भीमा आणि सीना जिथे मिळतात त्या हत्तरसंग कुडलला संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, म्हणजे इसवी सन १०१८ चा. आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मराठीच्या सर्वांत जुन्या कालोल्लेखी लेखांपैकी तो एक. त्याच्या शेवटच्या ओळीचा अर्थ, जो हे वाचील तो विजयी होईल. मी सहलीला मुलींना तिथे नेत असे. आठवीतली मुलगी बोट ठेवून एकेक अक्षर लावायची आणि तिला ते लागायचं. हजार वर्षं मधे गेली आहेत आणि वीज लागलेली नाही.

हजार वर्षांनंतरचा संगणक कसाही असो, आज आपण लिहितोय ते त्याला वाचता आलं पाहिजे. माझी एवढीच अपेक्षा आहे.

तिसरं वर्ष

मीच तो मुलगा. बाबांनी माझी बाजू लिहिलीच नाही, म्हणून लिहितो.

आत्ताची पद्धत हजार वर्षं जाणार नाही, हे माझं म्हणणं. १९६५ साली गॉर्डन मूर यांनी लिहिलं की चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होतेय. १९७५ मध्ये त्यांनीच ते दर दोन वर्षांवर आणलं. १९७१ च्या पहिल्या इंटेल ४००४ चिपवर २,३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेची इवली बटणं, होते, आज एका चिपवर शंभर अब्जांच्या वर आहेत. पण सिलिकॉनच्या स्फटिकात अणूंची रचना साधारण अर्ध्या नॅनोमीटरनं (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) पुन्हा पुन्हा येते. अणूपेक्षा बारीक तार ओढता येणार नाही. म्हणजे बारीक करत जाण्याचा रस्ता आपल्या हयातीतच संपतोय. पुढे दुसरं काहीतरी यावंच लागेल. मला ते क्वांटम वाटतं, म्हणजे अणूंच्या पातळीवरच्या नियमांनी गणित करणारं यंत्र.

रात्रपाळी

मी वीजनिर्मितीत काम करतो, त्यामुळे मला कुठलंही यंत्र दिसलं की आधी त्याची उष्णता दिसते. क्वांटमवर जाण्याआधी हे वाचा.

१९६१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रॉल्फ लँडाउअर यांनी दाखवून दिलं की माहितीचा एक बिट, म्हणजे एक किंवा शून्य, पुसायचा म्हटला तरी निसर्ग त्याचे पैसे घेतो. किमान इतकी उष्णता बाहेर पडणारच, मग यंत्र कितीही चांगलं बनवा. ही किंमत तापमानावर ठरते. आपल्याकडच्या मे महिन्यातले ४५ अंश धरून मी आकडा काढला. एका ज्यूलचे एकावर एकवीस शून्यं इतके भाग केले, तर त्यातले साधारण तीन भाग. ऐकायला काहीच नाही. आजची यंत्रं याच्या हजारो पटींनी जास्त खर्च करतात, म्हणजे सुधारायला अजून भरपूर जागा आहे. पण खाली तळ आहे, आणि तो कुठल्या कंपनीनं ठरवलेला नाही.

गणिताच्या बाईंसाठी मुद्दाम सांगतो. हा नियम प्रत्यक्ष प्रयोगात २०१२ साली पडताळला गेला, आणि तो प्रयोग झाला लियोंमध्येच.

आता मोठे आकडे. अमेरिकेतला फ्रंटियर हा महासंगणक २०२२ मध्ये सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतकी गणितं करू लागला. तेव्हा त्याला लागत होती २१ मेगावॉटच्या आसपास वीज. सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या वीजकेंद्रातला एक संच ६६० मेगावॉटचा आहे. म्हणजे अशी तीसेक यंत्रं लावली की पूर्ण संच तिथेच खर्ची पडला. माणसाचा मेंदू मात्र २० वॉटवर चालतो. फ्रंटियरच्या विजेत दहा लाख मेंदू चालले असते. शिवाय वीज करायला पाणी लागतं, यंत्रं थंड ठेवायलाही लागतं. ज्या गावात नळाला कितव्या दिवशी पाणी येतं यावर घराचं वेळापत्रक ठरतं, तिथल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

हजार वर्षांनंतरचा संगणक मला म्हणूनच थंड दिसतो. हात लावला तर गार. पंखा नाही, आवाज नाही.

तिसरं वर्ष

काका, यावर एक उपाय कागदावर तरी आहे. उष्णता पुसण्याची आहे, गणिताची नाही. चार्ल्स बेनेट यांनी १९७३ मध्ये मांडलं की काहीच न पुसता, प्रत्येक पायरी उलटी फिरवता येईल असं गणित करता येतं. तसं यंत्र झालं तर लँडाउअरचा तळ आडवा येत नाही. बाबांना समजवायला मी असं सांगितलं : विणलेलं कापड शेवटच्या धाग्यापासून पहिल्यापर्यंत उसवता आलं आणि सूत जसंच्या तसं हातात आलं, तर काहीच वाया गेलं नाही. ते म्हणाले, मग चादर कुठे राहिली? त्याचं उत्तर असं, की उसवण्याआधी फक्त तयार चादरीची नक्कल काढून ठेवायची. खर्च तेवढ्या नकलेचाच.

क्वांटमचंही तसंच आहे. त्यातल्या पायऱ्या मुळातच उलट्या फिरवता येण्याजोग्या असतात, मोजमाप करेपर्यंत.

रात्रपाळी

हे पटलं. पण उलटं फिरणारं यंत्र हळू चालवावं लागतं, घाई केली की उष्णता परत आली. आणि तुझं क्वांटम यंत्र कुठे ठेवणार? आजची बरीचशी अशी यंत्रं शून्याखाली २७३ अंश या थंडीच्या तळाच्या अगदी जवळ, जेमतेम अंशाच्या शंभराव्या भागाइतकी वर ठेवतात. ती थंडी राखायला जी वीज लागते ती हिशेबात धर.

तिसरं वर्ष

धरतो. आणि क्वांटमनं सगळंच जलद होईल असंही मी म्हणत नाही. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी मोठ्या संख्यांचे अवयव पाडायची जी रीत दाखवली, तशा काही ठरावीक कामांत त्याची ताकद आहे. औषधांचे रेणू, खतं, धातू यांची गणितंही त्यात येतात. चादरीचं डिझाइन त्यावर कुणी करणार नाही. आपल्या सरकारनंही एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३ कोटींची मंजुरी दिली आहे. मला त्यात काम करायचंय. घरी अजून बोललो नव्हतो, इथे लिहिलं.

पूर्वभाग

तिसरं वर्ष, शिक बाबा. आमच्या गल्लीतनं पण एखादं पोरगं तिथं जाऊ दे.

मी टॉवेलच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड चालवतो. पत्ते गेले आता. डिझाइन पेन ड्राइव्हमधून येतं, आत लोहचुंबक हूक धरतं की सोडतं. पण भोक असणं-नसणं तेच हाय की. फक्त भोक दिसत नाही.

पेटीवरून मला दुसरी गोष्ट आठवली. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाच्या संगणकाचा कार्यक्रम विणलेला होता, खरोखर हातानं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये बाया समोरासमोर बसून तांब्याची बारीक तार छोट्या चुंबकी कड्यांतून ओवायच्या. तार कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. असे ३६,८६४ शब्द. त्यातल्या बऱ्याच जणी आधी कापडाच्या आणि घड्याळाच्या कारखान्यांत काम केलेल्या. माझी आई विड्या वळायची. हजार विड्या दिवसाला, सुपात बघायची पण नाही, आमच्याशी बोलत बोलत. ते ओवण्याचं काम वाचलं तेव्हा मला तिचीच बोटं दिसली. त्या कामाला आईला बसवलं असतं तर तिनं ते नक्की केलं असतं, माझी खात्री हाय.

मला वाटतं पुढचा संगणक कापडातच असेल. टेबलावरचा डबा नाही, खिशातली पाटी नाही. वीज वाहणारं सूत आजही येतंय. चादर अंगावर घेतली की ताप किती ते तिलाच कळेल, म्हातारं माणूस रात्री पडलं तर तीच हाक मारेल. अन ते सूत विणायला माग लागणारच.

पण त्या चादरीला माझं बोलणं कळलं पाहिजे. आमच्या घरात आजी तेलुगू, बायकोच्या माहेरी कन्नड, कारखान्यात मराठी, नाक्यावर दखनी. एका वाक्यात चारी येतात. मी फोनला 'काय करालास बे' म्हटलं की तो भलतंच काहीतरी लिहितो. पुस्तकी बोललं तरच कळतं. ही आमची बोली कुठं लिहिलेली नाही, म्हणून यंत्राला माहीत नाही. हजार वर्षांनंतरचं यंत्र जे लिहिलंय तेवढ्यावरच शिकलेलं असेल, तर आम्ही त्यात नसणार.

गणिताची वही

पूर्वभाग, तुमच्या आईंना नमस्कार.

कड्यांवरून आठवलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. त्याची स्मृतीही अशाच कड्यांची होती, ४० बिटांचे २,०४८ शब्द. एका बिटाला एक कडी धरली तर ८१,९२० कड्या. आजच्या भाषेत दहा किलोबाइट. आपला हा धागा एव्हाना त्यात मावला नसता.

आणि बोलीबद्दल : लिहायला लागा. जसं बोलता तसं, इथेच. मी शाळेत मुलींना 'करालाव' लिहिलं की लाल रेघ मारत असे. उत्तरपत्रिकेत ती बरोबरच होती. पण त्या मुलींना बोली जपायला दुसरी वही द्यायला हवी होती, ते मी केलं नाही. त्याचं मला वाईट वाटतं.

अक्षरजुळणी

मी बरीच वर्षं डीटीपीचं काम केलं. लग्नपत्रिका, अहवाल, कवितासंग्रह, मंडळांच्या स्मरणिका. सीडीचं दुःख जुना माग काकांनी लिहिलं. माझ्याकडे सीडी उघडते, फाइल उघडते, आणि तरी काही वाचता येत नाही.

तेव्हाचे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवायचे. फॉन्ट असेल तोवर पडद्यावर 'क' दिसायचा, पण यंत्राच्या लेखी ते भलतंच अक्षर असायचं. प्रत्येक फॉन्टची बसवणी वेगळी. फॉन्ट गेला की उरतात कंस, टिंबं आणि रोमन अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये असं नाही. तिथे 'क' चा क्रमांक २३२५, जगात कुठेही, कुठल्याही फॉन्टमध्ये. १९९१ च्या पहिल्याच युनिकोडमध्ये देवनागरी होती. पण आमच्या टेबलापर्यंत ती पोचायला खूप वर्षं लागली, आणि मधल्या काळातलं सगळं मराठी त्या खिचडीत अडकलं.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली. वडील वारले होते, त्यांचा कवितासंग्रह मीच जुळवला होता. छापलेल्या पुस्तकाची एकच प्रत तिच्याकडे, कडा वाळवीनं खाल्लेल्या. फाइल माझ्याकडे होती, तिचा काही उपयोग झाला नाही. शेवटी ती प्रत समोर ठेवून मी सगळ्या कविता पुन्हा टाइप केल्या. चार ओळी वाळवीनं नेल्या होत्या, त्या गेल्याच.

म्हणून हजार वर्षांनंतरच्या संगणकाबद्दल बोलताना मला आधी विचारावंसं वाटतं, की आजच्या अक्षरांचा तक्ता तेव्हा कुणाकडे असेल का.

जुना माग

अक्षरजुळणी ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही.

मुलगा म्हणतो साठवणीचा प्रश्न सुटेल. डीएनएमध्ये माहिती लिहितात म्हणे, २०१७ मध्ये एका ग्रॅममध्ये २१५ पेटाबाइट (एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख जीबी) बसतील इतकी दाट लिहून दाखवली. खरं का?

रात्रपाळी

खरं आहे. यानिव्ह एर्लिख आणि डिना झिलिन्स्की यांचं ते काम. पण डीएनए टिकतो थंडीत. ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतून वीस लाख वर्षांपूर्वीचा मिळाला, आपल्या उन्हात तसाच ठेवला तर लवकर तुटेल. मला काच जास्त पटते. काचेच्या आत लेसरनं बारीक खुणा करून अख्खा सिनेमा साठवून झालाय, साडेसात सेंटिमीटरच्या चौकोनी तुकड्यात. काच उकळली, भाजली तरी खुणा राहतात.

तिसरं वर्ष

टिकणं हे फक्त वस्तूचं नाही, असं मला आता वाटायला लागलंय. व्हॉयेजर-१ हे अमेरिकेचं अंतराळयान बघा. १९७७ ला निघालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते अर्थहीन आकडे पाठवू लागलं. स्मृतीतली एक चिप बिघडली होती. तेव्हा इथून निरोप जायला साडेबावीस तास लागत, उत्तर यायला तितकेच. ज्यांनी ते बनवलं त्यातले बरेच जण आता नाहीत. तरी लोकांनी जुने कागद काढले, त्या चिपमधला कार्यक्रम तुकडे करून इतर जागांत बसवला, आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा नीट बोलू लागलं. कागद जपले होते आणि ते वाचणारी माणसं होती, म्हणून जमलं. मी आधी म्हटलं होतं की आत्ताची पद्धत हजार वर्षं जाणार नाही. ते अजूनही म्हणतो. पण जुनं वाचणारं कुणीतरी प्रत्येक पिढीत लागेल, हे धाग्याच्या सुरुवातीला माझ्या डोक्यात नव्हतं.

पूर्वभाग

मग पत्ते वाचा की आधी! घरातच हाय.

जुना माग

वाचले. रविवारचा पूर्ण दिवस गेला.

मी खिडकीपाशी पत्ता धरून सांगत होतो, भोक, भोक, नाही, भोक, आणि मुलगा एक आणि शून्य टाइप करत होता. दुपारपर्यंत साठ पत्ते झाले. त्यानं ते पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींत मांडले. आधी काहीच कळेना, नुसते ठिपके. मग त्याच्या लक्षात आलं की मी पट्टी उलट्या बाजूनं धरली होती. फिरवल्यावर तुरा दिसला. मोराचा तुरा, तीन पिसं.

एकेचाळिसाव्या पत्त्यावर एक भोक कागदाची चकती चिकटवून बुजवलेलं आहे, आणि शेजारी नवं पाडलंय. वडिलांची चूक, त्यांनीच दुरुस्त केलेली. चकती वहीच्या कागदाची आहे, तिच्यावर निळी रेघ दिसते. आम्ही दोन्ही तऱ्हेनं मांडून पाहिलं. चुकीच्या भोकानं मोराचा डोळा एक घर खाली सरकत होता.

पेट्या आता घरी आणल्यात. अक्षरजुळणी ताईंचं ऐकून मी तिन्ही झाकणांच्या आत रंगानं लिहिलं : 'भोक म्हणजे हूक वर. निळी खूण डाव्या हाताला. पहिला पत्ता सगळ्यात वर.' गणिताच्या बाईंनी कुडलची ओळ सांगितली, तीही खाली लिहिली. मुलानं तेच रोमनमध्येही लिहिलंय, आणि पूर्वभाग, तुमच्याकडून तेलुगू आणि कन्नडमध्ये लिहून हवंय. रंगाचा डबा उघडाच ठेवलाय, लवकर या.